नाही म्हणण्याचा हक्क

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला तर माझं दुखणंखुपणं रोज ऐकावं लागतं. तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — तेही खरं नाही. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा चहा करून प्यायलो.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत राज्यशास्त्र शिकवलं. लाडका विषय एकच, परराष्ट्र धोरण. गोरा साहेब गेल्यावर देशाने पुन्हा कुणाच्या दावणीला बांधून न घेता आपल्या मताने कसं चालावं, हे मी असं रंगवून सांगायचो की मागच्या बाकावरची पोरंही ऐकायची. 'ज्याला नाही म्हणता येतं तो स्वतंत्र,' हे माझं ठरलेलं वाक्य. पोरं पेपरात तेच लिहायची आणि मी खूश होऊन मार्क द्यायचो. स्वतःच्या वाक्यावर भाळलेला मास्तर कधी पाहिलाय तुम्ही?

घरची संत्र्याची बाग शेंदूरजनाघाटला. ती धाकटा भाऊ विलास बघतो. बागेला लागूनच त्याचं शेड आहे. तिथे संत्री निवडायची, तणस घालून पेट्या भरायच्या आणि ट्रक बांगलादेशला रवाना करायचे. पेट्या भरणाऱ्यांचा मुकादम होता सामसुल. मालद्याचा, म्हणजे बंगालचा — आपल्या बंगालचा. तरणा असताना ट्रकबरोबर आला आणि इथलाच झाला. पलीकडच्या व्यापाऱ्याचा फोन आला की विलास तो त्याच्या हातात द्यायचा. सामसुल बंगालीत घासाघीस करायचा आणि मध्येच फोनवर हात ठेवून म्हणायचा, "विलासभाऊ, तो नरम पडून राहिला, घट्ट धरा." आमचा धंदा त्याच्या जिभेवर चालायचा.

मग पलीकडच्या देशाने संत्र्यावरचा कर वाढवला. नंतर आणखी वाढवला. ट्रक थांबले, संत्र्यांचे ढीग शेडमागे सडले. बागवाल्यांची सभा झाली आणि — प्रोफेसर ना मी — मला बोलायला उभं केलं. काय बोललो? जे जन्मभर शिकवलं तेच. तो देशही आपल्यासारखाच गुलामीतून निघालेला आहे, लहान असला म्हणून काय झालं, आपल्याला नाही म्हणण्याचा त्यालाही हक्क आहे. आपण दुसरं गिऱ्हाईक शोधू.

"सर तं तिकडूनच बोलून राहिले," मागून कुणीतरी म्हणालं. सगळी सभा हसली. मी बसलो. घरी येताना विलास एवढंच म्हणाला, "दादा, तुमाले अमरावतीले जाता येते. मले इथंच राहा लागते."

ते हसणं मला फार लागलं. इतकं, की पुढे कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर त्या देशाला सगळ्यात मोठ्याने शिव्या मीच घालत होतो. कोण ऐकतंय ते बघून घालत होतो.

आता खरं तर इथेच थांबावंसं वाटतं.

आधी हे सांगायला हवं — सामसुलच्या घरी मी एकदा गेलो होतो. कोलकात्याला चर्चासत्र होतं, तेव्हा तो सुटीवर गावी होता, आग्रह करून घेऊन गेला. आमराईच्या कडेला घर. त्याच्या आईने मासा वाढला; मी खात नाही म्हटल्यावर हिरमुसली आणि लगेच डाळ-भात घेऊन आली. अंगणातल्या आंब्यावर हात ठेवून तो म्हणाला होता, हे झाड माझ्या आज्यानं लावलं. हे सगळं मला तेव्हाही आठवत होतं. विसरलो असतो तर हे लिहायचं कारणच नव्हतं.

कुणीतरी तक्रार केली, की शेडवरचा एक माणूस फोनवर तिकडच्यांशी बोलतो. बोलत होताच की. आमच्याच संत्र्यांबद्दल बोलत होता. बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याला चौकशीला नेलं. कागद होते त्याच्याकडे, पण कागदावर विश्वास बसेना. ओळख पटवणारा कुणी जबाबदार माणूस आणा म्हणाले. सामसुलने माझं नाव दिलं. ज्याच्याकडे राबला त्या विलासचं नाही, माझं.

दुपारी ठाण्यात गेलो. बाहेर गावातली मंडळी जमली होती — सभेत हसलेलीच. सामसुल बाकावर होता. मला बघून उभा राहिला आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. सर आले, आता सुटलो, असा.

"सर, हा कुठला आहे, तुम्हाला पक्कं माहीत आहे का?" साहेबांनी विचारलं.

दार उघडं होतं. बाहेरच्यांना सगळं ऐकू जात होतं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

वर्गात बोलायचो त्याच आवाजात म्हणालो. सामसुलला वाटलं मी विसरलो. तो मला आठवण करून द्यायला लागला. "सर, तुमी घरी आले होते ना. मायनं डाळ-भात वाढला होता तुमाले. ते आंब्याचं झाड —" मी घड्याळाकडे पाहिलं. मग तो परत बाकावर बसला.

भ्यालो का? कशाला? मला कुणी मारणार नव्हतं, पेन्शन जाणार नव्हती. फार तर लोक पुन्हा एकदा हसले असते. तेवढं टाळण्यासाठी मी एक माणूस देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला माझं व्याख्यान होतं. विषय — आपलं स्वतंत्र परराष्ट्र धोरण. गेलो. चांगलं बोललो. ते ठरलेलं वाक्यही म्हटलं, त्यावर टाळ्या पडल्या. शाल-श्रीफळ मिळालं. त्या नारळाची घरी चटणी झाली आणि मी ती दोनदा मागून घेतली.

काही आठवड्यांनी विलासने सांगितलं, सामसुलला सीमेपलीकडे सोडलं. ज्या देशात तो एक दिवसही राहिला नव्हता, तिथे. पुढे तो कुठे गेला, आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही. मी परत जाऊन खरं सांगू शकलो असतो. आजही सांगू शकतो. गेलेलो नाही, आणि स्वतःला ओळखतो, जाणारही नाही.

मालद्याहून फोन येतो. त्याची आई असावी. ती बंगालीत भरभर बोलते, मग रडते. त्यातलं मला फक्त 'सर' कळतं. बाकीचं समजावून सांगेल असा आमच्याकडे एकच माणूस होता. आता तो नंबर दिसला की मी फोन पालथा घालतो आणि वाजायचा थांबेपर्यंत शेजारी बसून राहतो.