दुसऱ्या बाळाचा भाता

जुळं झाल्यापासून डोरीन हॅस्कल कुणालाच भीत नव्हती. नवरा आरमारात, सासू अंथरुणाला खिळलेली. महायुद्धात जर्मन इंग्लंडवर विषारी वायू सोडतील म्हणून सरकारी दवाखान्यात नर्सबाई जमलेल्या आयांना तान्ह्यांसाठीचे वायुरोधक मुखवटे दाखवत होत्या. पिशवीसारख्या मुखवट्यात बाळ डोक्यापासून कमरेपर्यंत आत घालायचं आणि आईनं बाहेरून भाता दाबत राहायचं, तरच त्याला हवा मिळणार.

"बाई, माझी दोन आहेत. दुसऱ्याचा भाता कोण दाबणार?"

"घरात पुरुषमाणूस नाही?"

"तो तुमच्या सरकारनंच नेलाय की!"

बायका हसल्या. नर्सबाई ओशाळल्या. "मग आळीपाळीनं दाबा."

"आणि यांनी श्वासही आळीपाळीनंच घ्यायचा का?" डोरीन कडाडली. दुसरं माणूस नेमून मिळेपर्यंत हलणार नाही म्हणत दोन्ही बाळं घेऊन ती दारातच बसली. तिला ओलांडल्याशिवाय कुणालाच आत-बाहेर जाता येईना.