शोकसभेतलं भांडण

मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या शाळेत मास्तरीण आहे आणि माझं डोकं लवकर तापतं. त्या दिवशी तर तापायलाच पाहिजे होतं.

कॉलेजात मला दर्शनशास्त्र शिकवणारे सर गेले. त्यांची शोकसभा पांढुर्ण्याला होती, आणि सगळी हिंदीतून. आमच्याकडे असंच चालतं. घरात, बाजारात, संत्र्याच्या बागेत मराठी, अन् माइक हातात आला की हिंदी. आयुष्यभर मराठीतून विचार केलेल्या माणसाला जो तो हार घालून ‘महान दार्शनिक’ म्हणत होता. ते काय म्हणायचे, हे मात्र एकालाही सांगता येईना. मी नुसती चडफडत होते.

सर म्हणायचे, लोक भांडायचं सोडतात तेव्हा विचारवंत मरतो. ज्यांचे चेले त्यांच्यावरच उलटले, त्यांचीच नावं टिकली. नुसता हार घातला की माणूस संपला.

सरांनी आयुष्यात एक ओळ छापली नाही. आज त्यांच्या म्हणण्याशी कोणी भांडलं नसतं, तर सर तिथेच मिटले असते. मौन झालं, सगळे बसले, मी उभीच राहिले. म्हटलं, “सर चुकले होते.”

कुजबुज सुरू झाली. सूत्रसंचालक हाताने बसा बसा करू लागला. बसते कशाला! आधी सरांचं म्हणणं नीट मांडलं, मग माझं. म्हटलं, भांडायचं तर आधी तो विचार कोणाच्या कानावर पडायला नको? नागपूरवाले आम्हाला एमपीचे म्हणतात, भोपाळवाले मराठी. इथला माणूस कितीही खोल बोलला, तरी त्याच्याशी भांडायला येतो कोण? नाव विसरलं जातं त्यात विचाराचा दोष नसतो, ऐकणाऱ्यांचा असतो.

मागून कोणीतरी म्हणालं, गेलेल्या माणसाची चूक काढते, लाज नाही. मला खरंच नव्हती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू, म्हणजे सरांची बायको, उठल्या. त्यांनी सरांच्या फोटोवरचे हार काढून खुर्चीवर ठेवले आणि माझ्याकडे वळल्या.

“तू चुकून राहिली, पोरी. ते बरोबर होते. काहून, ते आता माझ्याकडून ऐक.”