बटणच्या शांत हिरड्या

फोन भाच्याचा होता. "मामी, आई गेली..." एवढंच बोलला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ताप होता का रे?" माणूस गेल्यावर कुणी असं विचारतं का! पण शोभाताई, माझी मोठी नणंद, माझ्या जागी असती तर तिनंही हेच विचारलं असतं. "नाय मामी," तो म्हणाला, "ताप आलाच नाय."

कशेळ्याच्या बाजारात ताईचं शिलाईचं दुकान. तिला दुसऱ्याची किडनी बसवलेली; शरीरानं ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्माच्या मागे लागलेल्या. मशीनखाली झोपणारा बटण हा तिचा कुत्रा. त्याला अंगभर खाज सुटली, तेव्हा कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्यालाही त्याच जातीचं औषध दिलं. ताईला कोण आनंद! "सुमे, आमी दोघं आता एका पंगतीतले," म्हणून हसायची.

रोज सकाळी गोळी दिली की ती बटणचा ओठ वर करून बघायची. एकदा मी तिच्याकडे राहायला गेले होते, तर मलाच बोलावलं. "बघ गं, दातांवर कीट केवढं साचलंय, तरी हिरड्या लाल नायत. असं कसं?" मी म्हटलं, "औषध मानवलं असेल." "मानवलं म्हनं! चल, विचारू." आणि त्या बाईनं मला भर उन्हात जीपमध्ये कोंबून कर्जतला नेलं. डॉक्टर म्हणाले, "लाली, सूज म्हणजे शरीर भांडतंय. या औषधानं भांडणारेच पेंगुळलेत. सूज कमी दिसते, पण कीट आहे तिथंच आहे. रोज ब्रश करा. काही कुत्र्यांच्या हिरड्या याच औषधानं वाढतातही, तेही बघत राहा."

परत कशेळं आल्यावर ताई म्हणाली, "म्हंजे माज्यातबी तसंच असंल की गं. आत काय झालं तरी अंग ओरडायचं नाय." आवाजात भीती नव्हती, कोडं सुटल्याचं सुख होतं. भीती वाटली ती मला.

पुढच्या पावसाळ्यात तिला नुसता थकवा आला. ताप नाही, काही नाही, तरी स्वतःहून दवाखाना गाठला. छातीत जंतुसंसर्ग निघाला, पण वेळेत सापडला. "मला बटणनं वाचवलं," असं बाजारभर सांगत सुटली! या वेळीही ती अशीच, बिनतापाची, उठून दवाखान्यात गेली होती... या वेळी शरीराला पेलवलं नाही. मला अजून राग येतो. इतकं नीट बघणाऱ्या माणसाला तरी सूट मिळायला हवी होती.

ताईच्या पुण्यानुमोदनाची वंदना झाल्यावर बटणला मी कर्जतला माझ्या घरी घेऊन आले. पहिल्या सकाळी गोळी दिली. त्यानं मुकाट गिळली, पण जागचा हलेना. माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून थांबला. कशासाठी, ते कळायला मला जरा वेळ लागला. मग त्याचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी, अगदी शांत. "छान आहे रे सगळं," हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं, आणि ब्रश आणायला उठले.