नळीच्या पुढच्या टोकाशी

नव्या रायफलची नळी एकदम राबवायची नसते. एक गोळी झाडायची, चिंदी ओढून नळी पुसायची, मगच दुसरी. गावापासून दोन दिवसांच्या वाटेवरच्या या छावणीत, सातवीत शाळा सोडलेल्या मला, उस्तादांनी हे न रागावता शिकवलं. ते उपकार फिटायचे नाहीत.

आज म्हणाले, "बोल्ट काढ, नळी मागून मोकळी होईल. तिथं अंगठ्याचं नख धर, नखावरून उजेड आत जाईल. आता पुढून बघ."

पाहिलं. गोळीला फिरकी देणारे आतले पेच लख्ख फिरत गेले होते. आणि मनात आलं, या टोकाशी डोळा येतो तो पुसणाऱ्याचा, नाहीतर ज्याच्यावर रोखली त्याचा. तोही घरापासून लांबच आलेला असेल.

"काय रे, आरसा आहे का तो? झाली ना साफ?"

"झाली, उस्ताद."

पुढची गोळी भरायची होती. मी चिंदी आणखी एकदा ओढली.