छापील पुरावा

दिल्लीतल्या तमाम मराठी माणसांत क्रांतीची सर्वांत जास्त धास्ती घेतली असेल, तर ती आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी. ते एका सरकारी कोशासाठी मराठी शब्दांच्या नोंदी करत. 'क्रांती'चं कार्ड त्यांच्या वाट्याला आलं होतं, आणि निवृत्तीच्या आत ते कोशात जावं एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात धरली होती.

नव्वदच्या दशकातलं, दिल्लीला खेटलेलं नोएडा. माझे बाबा फौजेतून नायक या हुद्द्यावरून निवृत्त होऊन एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर झाले होते, तेव्हा आम्ही तिथे राहायला गेलो. काका कुणालाही जिन्यात गाठायचे. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, इथून सुरुवात. सूर्य विषुववृत्तापासून किती सरकला, त्याला जुने ज्योतिषी क्रांती म्हणत. त्यात कुणाचं डोकं फुटत नसे. इंग्रजीतलं रेव्होल्यूशन तर मुळात ग्रहाची फेरी, फिरून जागेवर येणं. सिंहासनं उलटायचं काम या दोन्ही शब्दांवर मागाहून पडलं. हे ते दूधवाल्यालाही हिंदीत समजावत आणि तो "बिल्कुल, साहब" म्हणत कॅन उचलून चालू लागे.

त्यांचा नियम कडक होता. प्रत्येक अर्थाला छापील पुरावा हवा. नुसतं कुणी बोललं म्हणून कार्डावर चढायचं नाही. त्यासाठी दर शनिवारी ते बस बदलत दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जात आणि मराठी वर्तमानपत्रांची रद्दी घेऊन येत. कात्रणं कापायचं काम माझं. पण तेव्हा रोज नवी क्रांती छापून येई. टीव्हीची झाली, टेलिफोनची झाली, मोटारीची झाली. काका प्रत्येकीला जागा करून देत आणि कार्ड पुन्हा अपुरं राही. ऑफिसातून तगादा आला की म्हणत, "धुण्याच्या पावडरीतल्या क्रांतीचं अजून ठरत नाहीये."

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पेढा घ्यायला आलेल्या काकांनी सवयीने आईलाच विचारलं, "वहिनी, तुमच्या मते क्रांती म्हणजे काय हो?"

चौथी शिकलेली आई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगी पदवी घेऊन आली, अन् तिच्या बापानं स्वतः उठून मला चहा करून दिला. ती."

काकांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "छापील पुरावा नाही, वहिनी."

मला राग आला. वर्षभर कात्रणं कापली मी, पावडरीला कार्डावर जागा आणि आम्हाला नाही? महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

कोश शेवटी 'क्रांती'वाचून छापला गेला. काका निवृत्त झाले आणि लेकीकडे नागपूरला जाताना एक प्रत आमच्याकडे ठेवून गेले. मी मुद्दाम ते पान काढलं. 'क्रमांक'नंतर थेट 'क्रिया'. मध्ये त्यांचं ते कार्ड ठेवलेलं. सगळी कात्रणं सोलून काढलेली, डिंकाचे पिवळे डाग तेवढे उरलेले. खाली त्यांच्या बारीक अक्षरात आईचं वाक्य, शब्दन् शब्द, चहासकट. शेजारी लिहिलं होतं: पुरावा, ऐकलेला.

बाबांनी मात्र त्यानंतर चहा केला नाही. पत्रात काकांना मी बाकी सगळं लिहायचे, एवढं कधी कळवलं नाही. त्यांनी लगेच ग्रहाच्या फेरीचा अर्थ पुन्हा चिकटवायला सांगितलं असतं.