आईची जोडवी

आईचे पाय सुजले तेव्हा आमच्या घरानं तिला आधी सोनाराकडे नेलं. जोडवी रुतत होती ना! नवरा हयात असताना बाईनं ती उतरवायची नसतात, म्हणून बाबांनी कोपरखैरण्यातल्या सोनाराकडून मोठ्या मापाची घालून आणली. काही दिवसांत तीही रुतली. पुन्हा सोनार. साताऱ्याहून आलेली आत्या म्हणाली, वहिनीला इथलं पाणी मानवलंय, अंग भरलंय. जिला दोन घास जात नव्हते आणि जी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होती, तिचं म्हणे अंग भरलं होतं.

शेवटी मीच तिला दवाखान्यात ओढून नेलं. डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला. म्हणाले, हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. ते थकलंय, रक्त पुढे ढकलायला त्याचा जोर पुरत नाही. मग पाणी साठतं, पायांत, पोटात, फुप्फुसांत. म्हणून आडवं झालं की जीव घुसमटतो, भूकही मरते. त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि लघवीवाटे पाणी उतरवणाऱ्या गोळ्या दिल्या.

सूज उतरली. आई आडवी होऊन झोपायला लागली, न थांबता जिना चढली. पण आता तीच मोठी जोडवी बोटांतून निसटू लागली. एक मोरीत सापडलं. लहान मापाची आणू म्हणत बाबा रविवार पुढे ढकलत राहिले. सोनार तेव्हा जवळ होता, आता लांब झाला. आत्यानं फोनवर आईला सांगितलं, जोडवं गळणं चांगलं नव्हे, दादाला जप.

आईनं आत्याच्या दादाला जपलं. गुपचूप गोळी बंद केली. पाय पुन्हा सुजले, जोडवी घट्ट बसली. छातीत पाणी भरल्यावर रिक्षातून नेताना धापा टाकत तिनंच मला हे सांगितलं. मला तिचा भयंकर राग आला. तिला हे शिकवणाऱ्यांचा अजून येतो.

हॉस्पिटलात नर्सनं जोडवी कापून काढली, बोटं काळीनिळी पडली होती. आईला जरा बरं वाटल्यावर तिनं आधी मोकळ्या पायांकडे पाहिलं. मग तोंडावरचा मास्क बाजूला करून मला विचारलं, "ह्यास्नी काय झालं न्हाई न्हवं?"

बाबा खाली टपरीवर चहा पीत होते. ठणठणीत.