जिलेबीसाठी डार्क चॉकलेट

प्रत्येक घरात एक प्लॅस्टिकची पिशवी असते, जिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. आमच्या सिल्व्हर पार्कच्या मॉर्निंग वॉक ग्रुपचे किस्से तसेच साठलेत. एक ओढायला जावं, तर चार बाहेर! त्यात आम्ही चालतो कमी, बाकावर बसतो जास्त. आज फक्त सावंतांचे किस्से काढतो. मीठमसाला थोडा माझा, चॉकलेट मात्र त्यांचंच.

*

सावंत म्हणजे शिऱ्यावर साखर भुरभुरून खाणारा माणूस! शुगर वाढली आणि डॉक्टरीणबाईंनी मिठाई बंद केली. "अगदीच राहवलं नाही, तर जेवणानंतर डार्क चॉकलेटचा एक छोटा तुकडा. पण ते औषध नाही हां! साखर आणि फॅट त्यातही असतं. खरं काम चालण्याचं."

सावंतांनी 'चॉकलेट' एवढंच ऐकलं.

लेकीचं लग्न ठरलेलं. सावंतवहिनींनी घरी आल्या आल्या जाहीर केलं, "पुढचा रिपोर्ट चांगला आला नाही ना, तर लग्नात जिलेबीला हात लावायचा नाही!"

जिलेबी म्हणजे सावंतांचा जीव की प्राण. माणूस हादरलाच.

*

पहिला तुकडा तोंडात टाकला आणि सावंत तडक दुकानात. "भैया, ये खराब हो गया है. कडवा लगता है!"

"अंकल, डार्क है. कडवा ही आता है."

"फिर इतना महंगा क्यों? इससे तो करेला सस्ता है!"

"तो सब्जीवाले के पास जाओ ना, अंकल!"

*

एकदा वहिनींनी बघितलं, नवरा वाटीत काहीतरी बुडवून खातोय. हातात डार्क चॉकलेट, वाटीत कंडेन्स्ड मिल्क!

"अहो, हे काय चाललंय?"

"अगं, औषध दुधाबरोबरच घेतात ना?"

*

मग वहिनींनी चॉकलेट थेट देव्हाऱ्यात ठेवलं, गणपतीच्या मागे. तिथून चोरायची काय हिंमत होणार!

आणि खरंच, सावंतांनी चोरलं नाही. जन्मात कधी उदबत्ती न लावलेला हा माणूस तिन्हीत्रिकाळ आरती करायला लागला. चॉकलेटचा नैवेद्य दाखवायचा आणि प्रसाद तोंडात टाकायचा! प्रसादाला नाही कसं म्हणणार?

शेवटी वहिनींनीच हात जोडले, "बाप्पा, यांची भक्ती जरा कमी कर रे!"

*

ग्रुपमधला लॉरेन्स मूळचा उत्तनचा. नाताळात घरी केलेली चॉकलेटं घेऊन सावंतांकडे गेला. "डार्क हाय वहिनी, साखर जास्त न्हाय."

वहिनींनी खात्री करायला आधी स्वतः एक खाल्लं. मग आणखी एक. मग आणखी. आणि दुपारभर गाढ झोपल्या! संध्याकाळी लॉरेन्सला फोन, "भाऊ, काय छान झोप लागली हो! घालता काय त्यात?"

"रम, वहिनी."

तो डबा आता वहिनींच्या कपाटात असतो. कुलूप लावून!

*

त्यानंतर मात्र पहारा कडक झाला. वाटी बंद, आरती बंद. जिलेबीसाठी सावंत बाकाकडे न बघता बागेला फेऱ्या मारायला लागले. लग्नाच्या आठवड्यात रिपोर्ट आला, एकदम चांगला!

आम्ही म्हटलं, चालण्यामुळे. वहिनी म्हणाल्या, माझ्यामुळे. सावंत मात्र व्याह्यांपासून घोडीवाल्यापर्यंत भेटेल त्याला सांगत सुटले, "सगळी डार्क चॉकलेटची कमाल! मी गोडाला शिवतच नाही. हेच आवडतं मला!"

भाईंदरच्या हॉलमध्ये लग्न लागलं, पंगत बसली. ताटात गरमगरम केशरी जिलेबी. वहिनींनी मान हलवून परवानगी दिली. सावंतांनी डोळे मिटले, हात पुढे केला...

आणि व्याह्यांनी तो हात धरला! "छे छे, सावंतसाहेब! तुमच्यासाठी स्पेशल केलीय. पाकात अजिबात बुडवलेली नाही. नुसत्या डार्क चॉकलेटमध्ये!"

साध्या जिलेबीचं ताट उचललं गेलं आणि काळी जिलेबी आली. व्याह्यांनी आग्रह करून स्वतःच्या हाताने भरवली. मुलीचा बाप नाही कसं म्हणणार? सावंत चावत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

अख्खा हॉल गहिवरला. फोटोग्राफर धावत आला. व्याह्यांनी सावंतांना मिठी मारली, "रडू नका हो! तुमच्या लेकीला आमच्याकडे काही कमी पडणार नाही!"

आणि दुसरी जिलेबी भरवली.